वळणावर तिसरा गिअर

घाटाच्या पायथ्याला गॅरेजांची रांग आहे. तिच्यातला शेवटचा गाळा आखवाल्यांचा. त्यांचं खरं नाव रांगेत कुणाला आठवत नाही. ते इंजिन उघडत नाहीत. ब्रेकचं काम आलं तर शेजारी पाठवतात. वायरिंगकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचं काम फक्त आखाचं, म्हणजे ॲक्सलचं. ट्रकच्या पोटाखाली दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आत एक छोटं आणि एक मोठं दातेरी चाक असतं. छोट्याला पिनियन म्हणतात, मोठ्याला क्राऊन. इंजिनाची सगळी ताकद या दोघांच्या दातांतून चाकांकडे जाते. आखवाल्यांचं आयुष्य या दोघांचं जमवून देण्यात गेलं.

माणूस बोलायला कमी. गाडी आली की मालकाला ती एकदा फिरवून आणायला सांगत आणि स्वतः दारात उभे राहून ऐकत. मग हात पुसत म्हणत, "पिनियनचं पुढचं बेअरिंग." उघडल्यावर तेच निघे. एखाद्या वेळी निघत नसे, तेव्हा म्हणत, "तेही जाणारच होतं." त्यांची बायको शेजारणींना सांगे, "गाडीचं काय दुखतंय ते यांना आवाजावरून कळतं. माझं काय दुखतंय ते सांगूनही कळत नाही."

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक ड्रायव्हरला न विचारता सांगत. मागून काही वाजलं की पुढं रेटायचं नाही. थांबायचं, उतरायचं, आखाच्या गोळ्याला हाताची पालथी बाजू लावायची. चटका न बसता हात ठेववला तर निघायचं, नाही ठेववला तर गाडी तिथंच सोडायची. या एका सवयीने कितीतरी आख वाचले. सगळ्यात काटेकोरपणे ती पाळली त्यांच्या धाकट्या भावाने.

धाकटा ट्रक चालवायचा. घाटावर धरणाची वसाहत आहे. तिथं धान्य, गॅसच्या टाक्या, दवाखान्याची औषधं पोचवायची. रस्ता गाळ्याच्या मागूनच चढायला लागतो आणि समोरचा डोंगर प्रत्येक आवाज खाली परत पाठवतो. त्यामुळे आखवाले रस्त्याकडे पाठ करून काम करत असले तरी धाकटा कुठवर पोचला ते त्यांना कळे. पाण्याच्या टाकीपाशी चौथ्याचा तिसरा गिअर. मग बराच वेळ तिसरा, ओढून, दमून. मग काखेचं वळण. तिथं डोंगर आत दुमडलाय आणि रस्ता त्या घडीत शिरून पुन्हा बाहेर येतो. वळणाच्या ऐन मधे चढ अंगावर येतो. तिथं तिसरा हरायचा, क्लच दाबावा लागायचा. क्षणभर इंजिन मोकळं होऊन खाली बसायचं आणि मग दुसऱ्यात किंचाळत उठायचं. त्या मधल्या पोकळीत आखवाल्यांचा हात थांबायचा. दुसरा पडला की कानस परत चालू.

एका सकाळी दुसरा पडला नाही.

इंजिन खाली बसलं आणि बसूनच राहिलं. रिकामं, सावकाश, एका लयीत. आखवाले कानस धरून उभे राहिले. काहीतरी वाजलं असेल, धाकटा उतरला असेल. हात लावून बघत असेल. आवाज तसाच चालू राहिला. हात लावून बघायला इतका वेळ लागत नाही. शेवटी शेजारच्या टायरवाल्याच्या मागे मोटारसायकलवर बसून ते वर गेले.

गाडी वळणाच्या मधोमध उभी होती. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, ड्रायव्हरचं दार उघडं. ते दार दरीच्या बाजूला. आत कुणी नव्हतं. आखवाले आधी डोंगराच्या बाजूने गाडीखाली शिरले आणि मागच्या आखाला पालथा हात लावला. हात ठेववत होता. मग त्यांनी धाकट्याला हाका मारल्या. पुढच्या कट्ट्यावरून दोर सोडून माणसं दरीत उतरली. झाडी दाट, तळाला पाण्याचा लोंढा. चप्पलसुद्धा सापडली नाही.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. आखवाल्यांनी गाडी गाळ्यामागे आणून विटांवर चढवली आणि वर ताडपत्री बांधली. घाटात ते परत गेले नाहीत. काम करताना मात्र आता रस्त्याकडे पाठ करत नसत, तोंड करत.

त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. मोठी झाली तशी आधी दुसऱ्यांच्या गाड्या चालवू लागली, आणि मग वसाहतीला माल पोचवायचं काम तिलाच मिळालं. वरच्या ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेला होता. पाण्यातून गाडी काढावी लागे आणि बुटक्या गाड्या अडकत. एके दिवशी आखवाले सुटे भाग आणायला गेले असताना तिने ताडपत्री सोडली. परत आले तेव्हा काकाची गाडी गाळ्यासमोर उभी होती, पण ओळखू येईना. खाली स्प्रिंगचे जाड नवे पाटे, त्यावर भलीमोठी चाकं. दाराची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर.

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"आता म्हणतो."

"आता टायर बसलेत, बाबा."

टायरवाला मागे उभा होताच. "घालून फिरवलेला टायर आणि घातलेले मोजे, दोन्ही मी परत घेत नाही," तो म्हणाला. "पण आखवाले, पोरीने ट्रकचा उंट केलाय हं. आता चालतोही उंटासारखाच."

आतून बायको म्हणाली, "कुणाची आहे ते दिसतंयच. न बोलता करायचं आणि झाल्यावर दाखवायचं."

आखवाल्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उघड्या दारातून सीटकडे बघितलं आणि दार लावून टाकलं.

थोड्याच फेऱ्यांत मुलगी त्यांच्यापुढे येऊन बसली. "गाडीत जीव नाही. टाकीच्या आधीच तिसरा संपतो. काखेच्या आधीच दुसराही नको म्हणतो. पहिल्यात चढवते, तर क्लचचा वास, इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालमधे. आणि बाबा, रस्ता लहान होत चाललाय."

"रस्ता?"

"मीटरवर. वसाहत जवळ आलीय. जाते तिथंच, पण मीटर कमी भरतो. मधला एखादा तुकडा कुणी काढून घेतल्यासारखा."

टायरवाला हसला. आखवाल्यांनी खडू घेऊन फरशीवर दोन गोल काढले, एकात एक. "आधी चाक तीस इंची. आता छत्तीस. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन खातं. मीटर फेरे मोजतो, जमीन मोजत नाही. रस्ता आहे तेवढाच आहे."

"आणि ताकद?"

"भरलेली बादली कोपर अंगाशी धरून उचल आणि मग हात लांब करून उचल. बादली तीच. हात लांब केलास तू." खडू ठेवला. "आख एकेचाळीस-दहाचा आहे. क्राऊनला एकेचाळीस दात, पिनियनला दहा. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे चार फेरे आणि थोडे वर, तेव्हा चाकाचा एक. चाक पाचातल्या एका हिश्श्याने वाढलं, म्हणजे हेही तेवढंच वाढायला हवं. पाचाच्या जरा खाली यायला पाहिजे."

मोठ्या बाजारातून त्यांनी दोन मापांचे जोड मागवून बघितले. एकोणचाळीस-आठ, पाचाच्या जरा खाली. एकेचाळीस-आठ, पाचाच्या जरा वर.

"वरचा घेतला तर?" मुलीने विचारलं.

"सपाटीवर बोंबलेल. डिझेल पिईल. गाडीला तिची जुनी चाल परत द्यायची, वर काही नाही. या कामात तोच नियम आहे. एकोणचाळीस-आठ."

"जुनीच कशाला?" टायरवाला म्हणाला. "टायर नवे, पाटे नवे, ड्रायव्हर नवा. चालही नवी द्या."

"तू हवा भर," आखवाले म्हणाले.

गाडीची चारही चाकं ओढणारी, म्हणजे दोन आख. दोन्हींत एकाच मापाचा जोड हवा. नाहीतर पुढचा एक म्हणणार, मागचा दुसरं आणि गिअरबॉक्स मधल्या मधे फाटणार. पुढचा आधी घेतला. तेल काढलं, चाकाकडचे दांडे ओढून काढले, आतला गोळा दोघांनी मिळून बाहेर घेतला. तो उचलताना पाठ वाकवायची नसते, गुडघे वाकवायचे असतात. मुलीला सांगावं लागलं नाही. नवीन पिनियन बसवलं, दातांना रंग लावला, क्राऊन फिरवला, रंग कुठं पुसला गेला ते बघितलं. ठसा दाताच्या टोकाकडे. पिनियन लांब राहिलं. बेअरिंग दाबून काढलं, खाली कागदाएवढी पातळ चकती वाढवली, बेअरिंग दाबून बसवलं. परत रंग. आता ठसा मुळाशी. परत बेअरिंग काढलं. हे काम चुकवता येतं. बरेच जण चुकवतात. दात लगेच बोलत नाहीत, दुसऱ्याच्या हातात गाडी गेल्यावर बोलतात. आखवाल्यांनी ठसा दाताच्या बरोबर मधे येईपर्यंत काढलं आणि घातलं. मग मागचा आख, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अंगठ्याने क्राऊन हलवून बघितला. जेवढी ढील हवी तेवढीच, केसभरही जास्त नाही.

सपाटीवर गाडी फिरवली. मीटर खरं बोलू लागला. आवाज गोड होता. मुलगी खाली उतरली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती ग्रीसची.

दुसऱ्या दिवशी माल भरून ती वर निघाली. आखवाले व्हाइसच्या शिकंज्यापाशी उभे राहिले. बॅटरीवाल्याचा एक जुना दांडा घासायचा होता.

मुलीचा हात धाकट्यासारखा नव्हता. ती क्लच झटकन सोडते, धाकटा लाडात सोडायचा. पण टाकीपाशी चौथ्याचा तिसरा पडला तो नेमका त्याच जागी. तिसऱ्याने ओढायला सुरुवात केली ती त्याच सुरात. कारण सरळ होतं. इंजिन तेच, ओझं तेवढंच, आणि आता जमिनीवर ताकदही तेवढीच. जिथं पूर्वी दमायची तिथंच गाडी आता दमणार. त्यांनीच ते दात मोजून जुळवून दिलं होतं.

मागच्या दारात बायको येऊन उभी राहिली. हातात पिळायचा राहिलेला कपडा, त्यातून पाणी गळत होतं.

"अहो," ती म्हणाली, "भावजी चाललेत."

आखवाल्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पोरगी," ती म्हणाली. "पोरगी म्हणायचं होतं मला."

वर तिसरा दमत आला. काखेच्या घडीत आवाज आत गेला, जाड झाला. क्लच दाबला गेला. इंजिन मोकळं होऊन खाली बसलं. आखवाल्यांची कानस थांबली.

इंजिन उठलं नाही.

रिकामं, सावकाश, एका लयीत. ते ऐकत उभे राहिले नाहीत. टायरवाल्याने त्यांचं तोंड बघितलं आणि हातातला टायर तसाच सोडून मोटारसायकलला किक मारली. टायर घरंगळत रस्त्यापलीकडे गेला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. वर जावं तसा तो आवाज मोठा होत गेला, लय मात्र बदलली नाही.

गाडी वळणाच्या मधोमध होती. हँडब्रेक ओढलेला. दरीकडचं दार उघडं.

मुलगी दारात होती. पाठमोरी, दोन्ही हातांनी दाराजवळचा दांडा धरलेला, पोट सीटच्या कडेला दाबलेलं. एक पाय पायरीवर. दुसरा खाली सोडलेला आणि हलत नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जमीन लागत नाहीये."

आखवाले डोंगराकडच्या दाराने आत चढले, सीटवरून आडवे झाले, तिचं मनगट धरलं, मग काखेत हात घातला. ओढताना पाठ वाकवली. गुडघे वाकवायला जागा नव्हती. ती आत आली आणि दोघं गिअरच्या लिव्हरवर पडले.

मग त्यांनी दारातून खाली बघितलं. रस्त्याची कड धड दिसत होती. गवत होतं, त्यात दोन पिवळी फुलं. जिथं तिचा पाय टेकला होता तिथं गवताला भोक पडलं होतं आणि त्या भोकातून खालच्या पाण्याचा आवाज येत होता. गवत होतं. त्याच्याखाली जमीन नव्हती.

"उतरलीस कशाला?"

"क्लच दाबला आणि मागून ठोकल्यासारखं झालं. आधी हळू, मग जोरात. तुम्हीच सांगता ना, थांबायचं, उतरायचं, हात लावायचा."

आखवाले डोंगराच्या बाजूने उतरून गाडीखाली गेले. मागचा आख कोमट होता. शाफ्ट हाताने हलवून बघितला. ढील होती तेवढीच होती.

"यात वाजण्यासारखं काही नाही," ते बाहेर येऊन म्हणाले.

"मग काय वाजलं?"

ते चाकाकडे बघत होते. बुटक्या गाडीतून माणूस खाली न बघता उडी मारून उतरतो. धाकटा तसाच उतरायचा, दोन्ही पाय एकदम. या गाडीतून तसं उतरता येत नाही. वळून, दांडा धरून, पाय चाचपत खाली सोडावा लागतो. तेवढ्याने पोर वाचली.

"टायरांनी वाचवली," टायरवाला म्हणाला. हसण्यासाठी म्हणाला नव्हता आणि कुणी हसलंही नाही.

गाडी त्या दिवशी आखवाल्यांनी स्वतः वर नेली, पहिल्यात, डोंगराला आरसा घासत. माल उतरला, परत आले. घरी आल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून नाही."

"वर माणसं आहेत," मुलगी म्हणाली. "दवाखान्यातली ऑक्सिजनची टाकी मी नेते तेव्हा बदलते. दुसऱ्या कुणाची गाडी ओढ्यातून निघत नाही. मी जाणार, बाबा. ती चढेल कशी तेवढं तुम्ही बघा."

त्यांना राग आला नाही. तिच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून रागाला जागाच सापडेना. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

सकाळी त्यांनी दुसऱ्या मापाचे जोड फळीवरून खाली काढले आणि गाडीखाली तेलाचं घमेलं सरकवलं.

बायको म्हणाली, "परत उघडणार? परवाच तर बसवलंत."

"चुकीचं बसलं."

"वाजतंय?"

"नाही. बरोबर चालतंय. तेच चुकलं."

ती तिथंच खोक्यावर बसली. तिला समजावं म्हणून त्यांनी सांगितलं. एरवी सांगत नसत. एकोणचाळीस-आठवर क्लच दाबायची वेळ काखेच्या ऐन मधे येते, पूर्वी यायची तशीच. गाडी तिथं मोकळी होते आणि त्या मोकळ्या क्षणातच ते वाजतं. एकेचाळीस-आठवर तिसरा जरा जास्त टिकेल. वळणापलीकडे सपाट तुकडा आहे, तिथवर नेईल. मधे क्लच नाही, पोकळी नाही, थांबणं नाही.

बायकोने घमेलं पायाने जरा आत सरकवलं. मग म्हणाली, "भावजीच ठोकत असतील तर? कुणीतरी थांबावं म्हणून?"

"असेल."

"मग?"

"पोरगी माझी आहे," आखवाले म्हणाले आणि गाडीखाली गेले.

ते सगळं काम पहिल्यापासून झालं. दोन आख, तेच दांडे, तीच बेअरिंगं, तोच रंग. यावेळी मुलीला त्यांनी क्राऊनच्या बाजूला उभं केलं आणि ठसा तिलाच वाचायला लावला. ती चुकली की नुसते बघत. तिने परत काढायला घेतलं की मान हलवत.

मधल्या काळात बांधकाम खात्याची माणसं काखेची कड भरायला येऊन गेली. त्यांनी भोकातून गाडीभर दगड ओतले. टायरवाला बघायला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "ओतताना आवाज येत होता. पडल्याचा आला नाही." त्यांनी मग कडेला पांढरे खांब रोवले आणि गेले.

नवीन जोड बसल्यावर पहिल्या फेरीला आखवाले शेजारी बसले. निघण्याआधी मुलीला म्हणाले, "काखेत काही वाजलं तरी थांबायचं नाही."

"तुम्ही सांगताय हे?"

"हो."

सपाटीवर इंजिन बोंबलत होतं, ते म्हणाले होते तसंच. टाकी गेली तरी चौथा टिकला. बऱ्याच वर तिसरा पडला. आवाज अनोळखी होता. आखवाल्यांना बरं वाटलं. काख आली. गाडी घडीत शिरली, उजेड कमी झाला, पांढरे खांब दाराजवळून जाऊ लागले. चढ अंगावर आला. तिसरा दमला, पण हरला नाही.

ऐन मधे लिव्हर थरथरला.

तिसऱ्या गिअरला लिव्हर पुढं असतो. मागं ओढला की सुटून न्यूट्रल. मुलीचा हात लिव्हरवर होता. आखवाल्यांना वाटलं, सवयीने ती दुसऱ्यासाठी ओढतेय. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि पुढं दाबला. पुढं जाईना. उलटा जोर येत होता, चांगलाच. गंजलेला नट सुटायच्या आधी हाताला जो लागतो तसला, पण नटाचा जोर मेलेला असतो आणि हा मधेमधे पकड बदलत होता. त्यांनी खांदा लावला. मागून ठोकल्याचा आवाज आला. हळू. मग जोरात. लोखंडावर लोखंडाचा नव्हता तो. लाकडी फळीवर तळहाताचा असावा तसा. मुलीची नजर रस्त्यावरून हलली नाही. इंजिन ओढत राहिलं. उजेड आला, वळण संपलं आणि जोर एकदम गेला. दोघांचे हात लिव्हरसकट पुढं आदळले.

सपाट तुकड्यावर मुलीने गाडी उभी केली आणि बोटं झटकली.

"केवढ्याने मागं ओढत होता, बाबा. मी पुढं दाबून धरला म्हणून. नाहीतर सुटलाच असता."

आखवाल्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. लिव्हरच्या गोळ्यावर तिचा हात होता, तिच्या हातावर त्यांचा. दोघांनीही पुढंच दाबलं होतं.

"गिअर सुटतोय," ते म्हणाले. "बॉक्स बघायला पाहिजे."

"बघा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुम्ही ओढत नव्हता ना?"

"नाही."

तिने पहिला टाकला आणि गाडी वसाहतीकडे वळवली.

आखाबाहेरचं काम ते करत नाहीत, पण तो गिअरबॉक्स त्यांनी स्वतः उघडला. गिअर आपोआप सुटतो त्याला ठरलेली कारणं असतात. गिअर सरकवणारा काटा वाकलेला असतो, दातांची कड गोल झालेली असते, स्प्रिंग मेलेली असते, नाहीतर तिच्यापुढची गोळी झिजलेली असते. काटा सरळ होता. दातांची कड नखाला लागत होती. गोळी गोल होती. स्प्रिंग तरी बदलली, जास्त ताठ घातली आणि बॉक्स बंद केला. मग सळई वाकवून लिव्हर अडकवायला एक आकडा करून दिला. पहिल्याच फेरीत तो सरळ होऊन परत आला. मुलीने तो त्यांच्या व्हाइसवर ठेवला आणि म्हणाली, "हातच बरा. हाताला कळतं किती लावायचं."

मुलगी माल घेऊन जाते. काखेत तिसऱ्यातच शिरते, थांबत नाही, क्लचला पाय लावत नाही. वसाहतीची माणसं म्हणतात, पोरीचा एक दंड दुसऱ्यापेक्षा जाड झालाय. खाली गाळ्यात आखवाले कानस थांबवून ऐकतात. तिसरा काखेत जातो, जाड होतो आणि तसाच बाहेर येतो. मग ते घासायला लागतात.

ती परत आली की हात धुताना ते विचारतात, "जोर?"

"तेवढाच," ती म्हणते.

एकदा ती म्हणाली, आज कमी लागला. आखवाल्यांनी साबण खाली ठेवला. बायको दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणाली, "पण ठोकणं जास्त वेळ चाललं. पार सपाटीपर्यंत."

"थांबली नाहीस ना?"

"नाही."

बायको आत गेली. "भावजी दमलेत," ती आतून म्हणाली. आखवाल्यांनी साबण उचलला आणि मुलीच्या हातावर पाणी घातलं.